कंसाबाहेरचे काका

कुटुंबाला पास मिळत नाही, माणसाला मिळतो, असं पासच्या खिडकीतल्या बाईंनी मला सांगितलं, तेव्हा माझ्या हातात एक सुबक यादी होती. तिच्यातली पहिलीच नोंद होती, 'आत्या आणि मंडळी'.

"मंडळी म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

"ते आल्यावर कळेल," मी म्हणालो. हे मी विनोदानं म्हणालो नव्हतो. आत्याची मंडळी आल्याशिवाय मोजता येत नाही, हा आमच्या घराचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

बाईंनी कागद परत सरकवला आणि नियम सांगितले. देखरेख कक्षातल्या पेशंटला संध्याकाळी पाच ते सहा भेटता येईल. एका वेळी एक माणूस, दहा मिनिटं, म्हणजे दिवसाला सहा. आठवड्याची यादी एकदाच द्यायची, तीही संगणकावरची. एका ओळीत एक नाव. ओळ तिथे पास. 'सहकुटुंब' चालणार नाही, 'व इतर' चालणार नाही, कंस तर अजिबात नाही. आणि नाव कागदोपत्री नको. हाक मारली की माणूस ज्या नावाला उठतो, ते हवं.

"म्हणजे घरातलं नाव?"

"मागच्या महिन्यात वॉचमननं एक नाव तीनदा पुकारलं. तो गृहस्थ समोरच्या बाकावर बसलेला. साठ वर्षं सगळे त्याला दादा म्हणायचे, स्वतःचं नाव त्याला ओळखूच आलं नाही. आत पेशंट गेला, हा बसलेलाच." बाईंनी हे कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. "यादी शुक्रवारपर्यंत द्या. नंतर बदल करायचा तर अर्ज. अर्जाला अठ्ठेचाळीस तास."

त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "ज्यांना भेटायचंय त्यांना येत्या आठवड्यात भेटून घेऊ द्या." एवढं बोलून त्यांनी बाबांना व्हिटॅमिनची एक नवी गोळी लिहून दिली. माझी बायको त्या गोळीला धरून बसली. "आठवडाभरासाठी कुणी व्हिटॅमिन देतं का?" ती म्हणाली. डॉक्टर सवयीनं देत असावेत, हे मी तिला सांगितलं नाही. मलाही ती गोळी हवीच होती.

मला आणि बायकोला सकाळचा वेगळा पास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तोंडावरचा मास्क बोटानं बाजूला केला आणि म्हणाले, "घड्याळवाल्याला बोलव."

मी खिशातली यादी काढली.

"मी बोलावलंय असं सांगू नकोस," असं म्हणून त्यांनी मास्क परत लावला. विषय संपला.

घड्याळवाला म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. घड्याळदुरुस्तीचं दुकान, लग्न केलं नाही, दुकानामागच्याच खोलीत एकटेच राहतात. घरातले लहानथोर त्यांना घड्याळकाका म्हणतात. बाबा आणि ते अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण एवढंच की बाबांनी आपलं मनगटी घड्याळ एकदा कचेरीजवळच्या दुसऱ्या एका दुकानात दुरुस्तीला दिलं. जवळ होतं म्हणून दिलं. पुढे एका जेवणात काकांनी भाजी वाढायला हात पुढे केला, तेव्हा पानाशेजारी काढून पालथं ठेवलेलं बाबांचं घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. "हे कुणी उघडलं?" त्यांनी विचारलं. बाबांनी सांगितलं. काका पानावरून उठले. वाटणीवरून भाऊ तुटलेले मी पाहिलेत, पण स्क्रूवरचा ओरखडा ओळखून तुटलेले हे दोघंच.

मी काकांना फोन लावला.

"कुणी बोलावलं?" काका म्हणाले.

"मी."

"तू कशाला बोलावशील मला?"

"काका, डॉक्टर म्हणतात की..."

"ते मला कळलंय." मागे टिकटिक ऐकू येत होती, बऱ्याच घड्याळांची, एकमेकांशी न जुळणारी. "यादी असते म्हणे तिथे. त्या यादीत माझं नाव असेल तर येईन. आगंतुक म्हणून दारात उभा राहणार नाही. तुझ्या बापाला तेवढंच निमित्त पुरेल."

"नाव असणार, काका. मी स्वतः यादी करतोय."

"म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले.

ह्या वाक्याचा मला राग आला. मी सत्तावीस वर्षं अभिलेख विभागात आहे. याद्या करणं ही माझी नोकरी आहे, आणि बायकोच्या मते माझा स्वभावही.

आता याद्या तीन आल्या. पहिली आत्याची. ती बाबांची थोरली बहीण, तेव्हा तिची यादी आधी, हे तिनं स्वतःच ठरवून पाठवलं होतं. दुसरी मामाची. तिसरी आमची, तिच्यात काका, वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर आणि त्यांची पत्नी, आणि बाबांच्या कचेरीतले तीन जुने मित्र. प्रत्येक यादीत कुटुंबं आणि कुटुंबात माणसं. आत्यानं एका घराभोवती कंस काढला होता, त्यात मुलाचा वेगळा कंस, आणि समासात लिहिलं होतं, 'हे सगळे मिळून एकच धरावे.' शिवाय मामाची मुलगी आत्याची सून असल्यामुळे ती दोन्ही याद्यांत होती, आणि दोन्हीकडून तिला आपल्याच कोट्यात धरू नये असा आग्रह होता.

"चिठ्ठ्या करा," ओव्हरसियर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. "एकेका माणसाची चिठ्ठी. मग त्या जमिनीवर पसरा. मी तीन धरणांची मजूर-हजेरी अशी लावलीये."

"किती मजूर होते?"

"ते कधीच कळलं नाही. पण चिठ्ठ्या उत्तम राहिल्या."

चिठ्ठ्यांची मला गरज नव्हती, कारण मी शिकलो होतो. आमच्या कचेरीनं पन्नाशीवरच्या सर्व लिपिकांना संगणकाची भाषा शिकण्याची सक्ती केली होती, दर शनिवारी दोन तास. शिकवायला एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. ती मला सर म्हणायची आणि माझ्या चुका वर्गासमोर पडद्यावर लावायची. त्या परीक्षेत मी दुसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या खेपेला आमच्या विभागातलं कुणीच झालं नव्हतं, पण हे ऐकून घ्यायला घरी कुणी थांबत नाही.

तिनं शिकवलेली एक गोष्ट मला मनापासून आवडली होती. यादीच्या पोटात याद्या असतील, तर त्या सगळ्या उघडून एकच सरळ यादी करता येते, आणि तीही एका ओळीत. ती ओळ मराठीत वाचली तर अशी होते: माणूस घे, कुटुंबातला प्रत्येक, यादीतल्या प्रत्येक कुटुंबातला, तिन्ही याद्यांतल्या. आणखी एक शब्द जोडला की तेच नाव पुन्हा आलं तर गळतं. सत्तावीस वर्षं मी जे काम चार रजिस्टरं आणि एक फूटपट्टी घेऊन केलं, ते ह्या ओळीत मावत होतं. असं काही कळल्यावर माणूस थोडा खचतो. मग त्याला ती ओळ लिहून बघावीशी वाटते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती लिहिली. आत्याचा आतला कंस आधी मोडला. प्रत्येक घराला एकेक कंस घातला, तिघा मित्रांना मिळून एक. काकांना घातला नाही. एकट्या माणसाला कसला कंस? नाव नुसतंच ठेवलं, घड्याळकाका, सगळ्यांत मोकळं. मग कळ दाबली.

यादी तयार झाली. पहिलं पान पाहिलं. अठरा ओळी, अठरा माणसं, आत्याकडची नऊ, मामाकडची नऊ, सून एकदाच. इतकं नेमकं काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. दुसरं पान मी पाहिलं नाही. अभिलेख विभागात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसानं दुसरं पान उलटलं नाही, हे वाक्य मी इथे आपणहून लिहितो, कारण नाहीतर ते दुसरं कुणीतरी लिहीलच.

खिडकीतल्या बाईंनी यादी संगणकात घेतली. "तीस," त्या म्हणाल्या.

माझ्या हिशेबानं चोवीस व्हायला हवे होते. मला आत्याचा संशय आला. आत्याच्या बाबतीत आमच्या घरात कुणी संशयापुढे जात नाही.

"नावं बघता का एकदा?" मी विचारलं.

"नावं बघणं माझ्याकडे नाही. माझ्याकडे ओळी," बाई म्हणाल्या आणि माझी सही घेतली.

मी सगळ्यांना फोन करून वार कळवले. सोमवार, मंगळवार, बुधवार आत्या आणि मामाकडचे. गुरुवारी पाचला पहिले काका, मग ओव्हरसियर पतिपत्नी, मग तीन मित्र. बायको म्हणाली, "एवढे फोन केलेतच, तर यादी कशाला केली होती?"

तीन दिवस ठीक गेले, म्हणजे आमच्या मानानं. आत्या आत जाऊन दहा मिनिटं रडली आणि बाहेर येऊन म्हणाली की ह्याच्या खोलीत हवा खेळत नाही. मामानं बाबांना आपल्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवला. रोज सकाळी बाबा मास्क बाजूला करून विचारायचे, "यादी कुठवर आली?" काकांचं नाव काढत नव्हते. बुधवारी त्यांना मास्क बाजूला करता आला नाही. त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. मी म्हणालो, "उद्या. पहिलाच नंबर." भुवया खाली आल्या.

गुरुवारी पावणेपाचलाच काका आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि चेहरा असा की बाकावर सुद्धा उपकार करून बसलेत. कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवून आले होते. ओव्हरसियर पतिपत्नी शेजारी. तिघे मित्र एकमेकांची औषधं विचारत होते.

पाच वाजता वॉचमन पासांचा गठ्ठा घेऊन दारात आला.

"घ!" त्यानं पुकारलं.

कुणी उठलं नाही.

"घ कोण आहे? घ!"

"अहो, नुसतं घ असं कुणाचं नाव असतं का?" ओव्हरसियर म्हणाले.

"मला काय विचारता? कागदावर आहे." त्यानं पुढचा पास पाहिला. "पुढचा ड. त्याच्यानंतर..." त्यानं पास उजेडात धरला. "ह्याचा नुसता मोडलेला पायच आहे. ह्याला ढकलायची खुर्ची आणायची का?"

मी पास हिसकावून घेतले. घ. ड. एक मोडलेला पाय. य. एक काना, एकटाच, कुणाच्याही आधाराशिवाय उभा. ळ. गुरुवारचे सहा पास. शुक्रवारचा पहिला होता क, आणि त्याच्यामागे ओव्हरसियर.

"म्हणजे आम्ही आज नाहीच?" ओव्हरसियरांच्या पत्नी म्हणाल्या. "मी कुकर न लावता आलेय."

"मी म्हटलं होतं, चिठ्ठ्या करा," ओव्हरसियर म्हणाले. हे ते म्हणणार हे मला ठाऊक होतं. तरी लागलं.

मी खिडकीशी गेलो. बाई म्हणाल्या, यादी तुमची, सही तुमची, बदल हवा तर अर्ज. मी म्हणालो, "अहो, आत माझे वडील आहेत, अठ्ठेचाळीस तास..." पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही. बाईंनी खाली पाहिलं. त्यांनाही करता आलं नसतं.

मी शिकवणाऱ्या मुलीला फोन लावला. तिनं दोन वाक्यांत ओळखलं.

"सर, ते एकटे होते ना? त्यांनाही कंसात घालायचं होतं. एकट्याचाही कंस असतो. तुम्ही नाव नुसतं ठेवलंत, त्यामुळे त्या नावालाच कुटुंब समजून उघडलं गेलं. आत अक्षरं निघाली."

"मला वाटलं, एकट्या माणसाला..."

"सगळ्यांनाच वाटतं, सर. पहिल्यांदा."

मागे वळलो तर काका उठून उभे होते. "निघतो मी," ते म्हणाले. "नाव नाही म्हणतोय तो."

"काका, नाव आहे."

"कुठे?"

मी सातही पास त्यांच्या हातात दिले. दुसरं काही सुचलं नाही. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. काकांनी पास बाकावर मांडले, ओळीनं, एकमेकांना न चिकटवता. वाकून पाहत राहिले. आयुष्यभर त्यांनी असंच वाकून पाहिलंय. ओव्हरसियर काहीतरी म्हणायला गेले, पत्नीनं त्यांना कोपर मारलं.

"हा मीच आहे," काका म्हणाले. "सुटा करून ठेवलाय." पुन्हा मोजलं. "एक क आणि दोन काने हरवलेत."

"ते गाळले, काका. तेच तेच दोनदा येऊ नये म्हणून."

"उघडलं कुणी?"

"यंत्रानं."

"यंत्र आपोआप काही उघडत नाही," काका म्हणाले. पण बसले नाहीत, आणि गेलेही नाहीत. पास उचलून थेट खिडकीशी गेले. "घ मी आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि ड?"

"तोही मीच. आजचे सहाही मीच. उद्याचा क पण."

बाईंनी नियमांची वही काढली. बोट फिरवत दोन पानं वाचली. "एका माणसाला एकाहून जास्त पास नाहीत असं कुठे लिहिलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "असा प्रसंग आला नसावा. पण दर दहा मिनिटांनी बाहेर यायचं. पास परत द्यायचा. हाक मारली की उठायचं. मगच पुढचा."

बाईंनी गठ्ठा वॉचमनकडे परत दिला. "घ!" तो तिथूनच ओरडला. काका आत गेले.

पाच दहाला बाहेर आले. बाईंनी पास घेतला, रजिस्टर उघडलं. "भेट झाली?"

"नाही. डोळे मिटून पडलाय. झोपेचं सोंग. लहानपणापासून करतो."

बाईंनी 'नाही'च्या रकान्यात खूण केली. काका बाकावर येऊन बसले. वॉचमन त्यांच्यापासून चार हातांवर होता, तरी कर्तव्य म्हणून ओरडला, "ड!" काका उठले.

पाच वीस. "भेट झाली?"

"डोळे उघडले. मी आहे हे पाहून मिटले."

"म्हणजे नाही."

मोडलेला पाय घेऊन काका तिसऱ्यांदा आत गेले. पाच तीस. "विचारलं, परत का आलास. म्हटलं, पास आहे."

"झाली की नाही?"

"थोडी."

"थोडीचा रकाना नाही." बाईंनी पेन क्षणभर तसंच धरलं आणि रकान्यांमधल्या रेघेवर खूण केली. सरकारी रजिस्टरमध्ये मी असं पहिल्यांदा पाहिलं.

चौथ्या वेळी काका पाच अडतीसलाच बाहेर आले, ताडताड. "मी निघतो," ते मला म्हणाले. "काय म्हणतो माहितीये? म्हणतो, तो दुसरा दुरुस्ती बरी करायचा. मास्क काढून म्हणतो. श्वास लागलाय, तरी तेवढ्यासाठी मास्क काढला!"

"काका, त्यांना असं म्हणायचं नसेल."

"त्याला तसंच म्हणायचं होतं. तू त्याला ओळखत नाहीस, तू मुलगा आहेस." ते जिन्याकडे वळले. चार पायऱ्या उतरले असतील.

वॉचमननं घड्याळ पाहिलं. मग पास पाहिला, आणि कसं पुकारावं ह्याचा विचार केला. "काना!" तो म्हणाला, थोडं हळूच. "काना कोण आहे?"

काका पायरीवर थांबले. अख्खा व्हरांडा त्यांच्या पाठीकडे बघत होता. बाबांच्या तिघा मित्रांनी आपली बोलणी थांबवली होती. "च्यायला," काका म्हणाले, आणि वर आले.

त्या वेळी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पाच पन्नासला बाहेर आले आणि चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत राहिले, इस्त्रीच्या. बाईंनी विचारलंच नाही. शेवटच्या ळ ला काका हाक मारायच्या आधीच दारात उभे होते, आणि सहा वाजले तरी बाहेर येईनात. वॉचमन बोलवायला आत गेला आणि एकटाच परत आला.

"भांडतायत," तो म्हणाला. "छत्री कुणी हरवली त्याच्यावरून. शाळेतली छत्री म्हणे. मी काय करू?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आपलं दोन मिनिटं पुढे आहे," त्या म्हणाल्या. ते अजिबात पुढे नव्हतं.

बाबा शुक्रवारी दुपारी अडीचला गेले. सकाळी बायकोनं व्हिटॅमिनची गोळी पाण्यात विरघळवून दिली होती, ती अर्धीच गेली होती. नंतर कागद सुरू झाले. एक दाखला तळमजल्यावर, त्याच्यावरची सही तिसऱ्या मजल्यावर, आणि सही करणारे साडेपाचला येणार होते. तोवर पुढचं काही करता येत नव्हतं. भेटीच्या व्हरांड्यात बाक रिकामे असतात, म्हणून आम्ही तिथे बसलो, मी, बायको आणि काका. ओव्हरसियर आले आणि शेजारी बसले. काही सुचवलं नाही.

यादी रद्द करायचा अर्ज मी दिला होता. पण अर्जाला अठ्ठेचाळीस तास.

पाच वाजता वॉचमन बाहेर आला. त्याची नुकतीच पाळी सुरू झाली होती, त्याला कुणी सांगितलं नसावं.

"क!" त्यानं पुकारलं.

मी उठून त्याला सांगणार, तेवढ्यात काका उठले. पास घेतला. आत गेले. आत आता काय होतं ते मला माहीत होतं. गादी गुंडाळून ठेवलेली, खालच्या पत्र्याच्या पट्ट्या दिसणाऱ्या, आणि भेटायला येणाऱ्यासाठी एक स्टूल. बायकोनं माझा हात धरला.

दहा मिनिटांनी काका बाहेर आले आणि खिडकीशी गेले. बाईंना कळलं होतं. त्यांचे डोळे तसे होते. तरी पास परत घेतल्यावर रजिस्टर उघडावंच लागतं.

"भेट झाली?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"काल झाली."

"आजचं लिहायचंय."

काकांनी जरा विचार केला.

"झाली म्हणून लिहा," ते म्हणाले.